सात महिने, चार समाध्या आणि एक पंक्चर

आईची मागणी साधी होती. "चौघांच्या दारी एकदा जाऊन यायचंय. गुडघे चालतायत तोवर."

चौघं म्हणजे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. एका घरातली ही भावंडं, पण समाध्या चार टोकांना: त्र्यंबकेश्वर, आळंदी, सासवड आणि पार तिकडे तापीकाठी मुक्ताईनगरजवळ मेहूण. आई शहात्तरची. रोज संध्याकाळी ती दिवा लावून हरिपाठ म्हणते आणि मी शेजारी बसून मोबाइल बघतो, अशी आमची कामाची वाटणी आहे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात माझा धाकटा भाऊ रात्री झोपला तो उठलाच नाही. त्रेचाळीस वर्षांचा होता. दिवस झाले आणि चौदाव्या दिवशी संध्याकाळी आईने पुन्हा दिवा लावला, हरिपाठ सुरू केला. तेव्हा मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. ज्याने नेलं त्याचंच नाव घेतेस? तोंडावर विचारलं नाही, पण वर्षभर पोटात होतं. त्यामुळे पौषात मी गाडी काढली त्यात भक्ती किती आणि आईला एकदा गाठून विचारायची सोय किती, हे माझं मलाच ठाऊक नाही.

सोबत तिसरी माझी पुतणी, धाकट्याची मुलगी. सतरा वर्षांची, अकरावीत. वडील गेल्यावर हिने खोलीचं दार लावून घेतलं ते दोन-तीन महिने फक्त जेवायला उघडायची. आई रोज दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "ताटी उघड गं बाई." ज्ञानदेव रुसून झोपडीत बसले होते तेव्हा धाकट्या मुक्ताईने त्यांना असंच बाहेरून समजावलं होतं. आमच्याकडे भूमिका उलट्या, आजी बाहेर आणि नात आत.

प्रवासाचा क्रम पुतणीने ठरवला. फोनवर तिथ्या शोधल्या आणि म्हणाली, "काका, ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने जाऊ." रूढ मिती धरली तर ज्ञानदेवांची संजीवन समाधी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीची, म्हणजे इसवी सन १२९६. महिन्याने मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानदेव. पुढल्या वैशाखात मुक्ताई, ज्येष्ठात निवृत्तिनाथ. वयं अनुक्रमे एकवीस, एकोणीस, अठरा, चोवीस. सात महिन्यांत अख्खं घर रिकामं. इतकी वर्षं मी ही नावं एका दमात ऐकत आलो, पण हा हिशेब कधी मांडून बघितला नव्हता.

पहिला दिवस: आळंदी आणि सासवड

पहाटे पाचला निघालो. आळंदीला थंडी बरी होती. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता, तो बघून आईने हात जोडायच्या आधी तोंड वाकडं केलं. आत दर्शनबारीत चाळीसेक मिनिटं गेली. (एकादशी आणि रविवार टाळा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातच्या आत पोचलात तर याहून कमी वेळ लागेल. गाडी गावाबाहेरच लावा, आतल्या गल्ल्यांत माझ्या आरशाचा टवका उडाला.)

समाधीवर डोकं टेकवायला मिळतं ते तीन सेकंद. मागचा माणूस ढकलतोच. बाहेर अजानवृक्षापाशी मात्र कोणी घाई करत नाही. दहा-बारा जण पोथी ठेवायच्या लाकडी घोड्यांवर ज्ञानेश्वरी उघडून आपापल्या गतीने वाचत होते. त्यातले एक आजोबा इतके हळू, की एका ओवीवर बोट ठेवून बराच वेळ समोर बघत बसले. याच झाडाची मुळी गळ्याला लागलीय असा दृष्टांत एकनाथांना झाला आणि ते इथे आले, अशी कथा आहे. पुढे शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आईने खाली पडलेलं एक पान उचलून पदराच्या टोकाला बांधलं.

तिथेच बसून आईने समाधीची हकिकत सांगितली. नामदेव त्या वेळी हजर होते, त्यांच्या अभंगांतून ती आपल्यापर्यंत आली. ज्ञानदेव आत जाऊन बसले. निवृत्तिनाथांनी हात धरून नेलं आणि बाहेर येऊन शिळा लावली.

"म्हणजे मोठ्या भावाने दार लावलं?" पुतणीने विचारलं.

"हो. गुरू पण तेच आणि भाऊ पण तेच."

"मग रडले नाहीत?"

"नाही कसे! आई-बाप सोडून गेले तेव्हाही असं झालं नव्हतं म्हणाले."

मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण त्यात निवृत्तिनाथ रडतात हे माझ्या डोक्यातून गळूनच गेलं होतं. शिळा लावणारा हात मात्र या वेळी नीट दिसला. धाकट्याच्या वेळी वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीचं बटण दाबायला मलाच सांगितलं होतं.

सासवड दुपारी. दिवे घाट चढून गेलं की हवा बदलते. सोपानकाकांचं मंदिर जुनं, दगडी, गार. आळंदीहून आलेल्या माणसाला वाटतं इथे काही चुकलं का, इतकी शांतता. आम्ही तिघं आणि ओवरीत भाजी निवडत बसलेल्या दोन बायका. कोणी ढकललं नाही, म्हणून आई समाधीपाशी वीस मिनिटं बसली. "हा बिचारा मधला," ती म्हणाली, "मधल्याकडे नेहमीच दुर्लक्ष होतं." आषाढी वारीत माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असताना इथून सोपानकाकांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा गर्दी बघावी म्हणे. एरवी तासाभरात होण्यासारखं. येताना रस्त्याकडेला पुरंदरची अंजिरं घेतली, घरी पोचेपर्यंत अर्धी संपली.

दुसरा दिवस: नेवासे

पुणे-नगर रस्त्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. नगरच्या पुढे एका शेतात 'हुरडा तयार' अशी पाटी दिसली आणि आईनेच गाडी थांबवायला लावली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, चोळून गरम गरम दाणे, सोबत लसणाची चटणी, गूळ आणि दही. पुतणीने आयुष्यात पहिल्यांदा हुरडा खाल्ला. "हे वर्षभर का नाही मिळत?" तर शेतकरी म्हणाला, "ताई, ज्वारी आठ-पंधरा दिवस अशी असती. लवकर आलात तर पाणी, उशिरा आलात तर दगड."

नेवासा फाट्यावरून आत वळलं की प्रवरेकाठी पैसाचा खांब आहे. याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता सांगितली, शके १२१२ मध्ये, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या वर्षी. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. त्यांची कथा अशी, की भावंडं नेवाशाला आली तेव्हा बाबा मरून पडले होते, बायको सती जायला निघाली होती. ज्ञानदेवांनी त्यांना उठवलं आणि लेखणी हातात दिली.

खांब माणसाएवढा, काळपट, अंगावर अक्षरं कोरलेली. मंदिर त्याच्याभोवती मागाहून बांधलंय. मूर्ती नसलेला गाभारा मला एकदम आवडला. लोक येतात आणि खांबाला सरळ मिठी मारतात. पुतणीनेही मारली, मग गाल लावून तशीच उभी राहिली. तिथल्या एका सेवेकऱ्याने सांगितलं, की खांबावरचा लेख अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे म्हणतात. म्हणजे ज्ञानदेव टेकले त्याच्याही आधी कोणीतरी इथे दिवा विझू नये म्हणून सोय लावून गेलं होतं. ते देऊळ उरलं नाही, तेलाची सोय सांगणारा खांब तेवढा उभा आहे.

"बाबांना उठवलं," बाहेर पायऱ्यांवर पुतणी म्हणाली, "मग सगळ्यांना का नाही उठवत?"

मी आईकडे बघितलं. हाच माझा प्रश्न, फक्त तो विचारायला मी सतरा वर्षांचा नव्हतो. आई चपलेत पाय घालत होती. "पुढे बाबाही गेलेच की. उठवलं ते लिहिण्यापुरतं." आणि मग, "चल, ऊन वाढलं."

मुक्काम संभाजीनगरला, साधं लॉज, गरम पाणी सकाळी सहा ते आठ.

तिसरा दिवस: पंक्चर

सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर इथपर्यंत सगळं ठीक. लेण्यांकडे वळूया का म्हणून पुतणीने विचारलं, आईने "दगड काय पळून चाललेत का" म्हणून मोडीत काढलं. जामनेर ओलांडलं आणि बोदवडच्या अलीकडे गाडी एका बाजूला ओढायला लागली. मागचं डावं चाक बसलं होतं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. (टीप: निघण्यापूर्वी स्टेपनी बघा. चार दिवस आईला ऐकवायला एक विषय मिळाला.)

दोन्ही बाजूंना कापूस, वेचणी शेवटाला आलेली, पऱ्हाट्यांवर राहिलेली बोंडं. एका ट्रॅक्टरवाल्याने चाकासकट मला पुढच्या गावात नेऊन सोडलं. आई आणि पुतणी ट्रॉलीतून, दोघी खूश. पंक्चरचं दुकान उघडं, कॉम्प्रेसर चालू, माणूस नाही. शेजारचा पानटपरीवाला म्हणाला, "तो पहाऱ्यावर हाय. चारला सुटतो."

"कसला पहारा?"

"सप्ता बसलाय ना."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस, चोवीस तास, देवळात वीणा वाजती ठेवायची असते. ती खाली ठेवायची नाही, थांबवायची नाही. गावातले लोक वेळ वाटून घेतात, दोन-दोन तास, रात्री दोन ते चारसुद्धा. त्याला पहारा म्हणतात. पहाटे काकडा, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन हे सगळं येऊन जाऊन असतं. वीणा मात्र त्या सगळ्यांच्या मधून चालूच.

आमचा पंक्चरवाला देवळात उभा होता. तिशीचा, पांढरा सदरा, टोपी, नखांच्या कडेला काळं ग्रीस तसंच. गळ्यात वीणा. एका बोटाने तार छेडत, जागच्या जागी पाऊल हलवत, ओठांत नाम. समोर कोणीही नाही. दोन म्हाताऱ्या खांबाला टेकून पेंगत होत्या आणि एक कुत्रं पायरीवर. मला बघून त्याने मान हलवली, जणू कळलं चाक आहे, थांबा.

तर आम्ही थांबलो. आई खांबाशी बसली. म्हातारीने डोळे उघडून विचारलं, "काय वं माय, कुठून आली?" आणि पाचच मिनिटांत दोघी गुडघ्यांवरच्या तेलाबद्दल बोलायला लागल्या. मला आणि पुतणीला उठवून पंगतीत बसवलं. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. बट्टी म्हणजे जाड्या कणकेचे गोळे वाफवून, कापून, तळलेले. त्या चुरायच्या, वरून वरण, वरून तूप. वाढणारे नको म्हटलेलं ऐकत नाहीत, हात आडवा धरला तर हातावर वाढतात. खानदेशात येऊन हॉटेलात जेवणाऱ्याने एकदा सप्ताहाची पंगत गाठावी, एवढंच म्हणतो. पाहुण्याला कोणी कोण-कुठला विचारत नाही.

भिंतीवर फळा होता. खडूने पहाऱ्याचं वेळापत्रक, सुवाच्य अक्षरात, सहा रांगा. दोन ते चारच्या पुढे दोन नावं: एक दिवसाच्या पहाऱ्याचं, एक रात्रीच्या. पुढे दुकानात चाक खोलताना मी त्याला सहज विचारलं, की तासभर कोणी बदली मिळाला नसता का, गिऱ्हाईक ताटकळलं असतं ना.

"दोन ते चार आमच्या घरचा आहे," तो म्हणाला. "आजा उभा राहायचा. मग बाप. बाप गेल्या श्रावणात वारला."

"म्हणजे फळ्यावरचं नाव तुमचं नाही?"

"बापाचं आहे. फळा गुरुजी लिहितात, त्यांचा हात बसलाय. मी पण बदला म्हटलं नाही." त्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत राहिला. "उभं तर राहायचंच आहे. नाव कोणाचं का असेना."

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. चार वाजता पुढचा पहारेकरी आला. शाळेच्या गणवेशातला मुलगा, आठवी-नववीतला, दप्तर पायरीवर टाकून हात-पाय धुऊन आत. पंक्चरवाल्याने वीणेचा पट्टा एका हाताने डोक्यावरून काढला, मुलाच्या गळ्यात घातला, आणि या सगळ्यात त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट तारेवर चालूच होतं. मुलाचं बोट तारेवर आलं. क्षणभर दोन्ही बोटं वाजत होती. मग मोठं बोट बाजूला झालं. नंतर तो तिशीचा माणूस वाकून त्या पोराच्या पाया पडला, पोरगाही वीणा सांभाळत वाकला. वीणा त्याच्या अंगापेक्षा मोठी, भोपळा पोटापर्यंत आलेला. आणि सूर तोच, मी डोळे मिटले असते तर बदल कळलाही नसता.

पुतणीने फोन काढला होता शूट करायला. नंतर बघितलं तर तिने रेकॉर्डिंगच सुरू केलं नव्हतं.

निघताना आईने अन्नदानासाठी अकराशे रुपये दिले. पावती फाडणाऱ्या काकांनी नाव विचारलं. आईने धाकट्याचं सांगितलं. त्यांनी सवयीने नावाआधी काही लिहायचं का, म्हणून पेन थांबवलं. आई म्हणाली, "नुसतं नाव लिहा."

चौथा दिवस: मुक्ताई

मुक्ताईनगर म्हणजे जुनं एदलाबाद. गावात नवं मंदिर आहे, पण कोथळीचं जुनं बघाच. नंतर मेहूणला तापीकाठी. राहण्याची सोय मुक्ताईनगरला साधी आहे, जरा बरी हवी असेल तर भुसावळ गाठा. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, तेव्हा खोल्यांची आशा सोडा. हतनूर धरणाचं पाणी मागे पसरलंय, त्यामुळे नदी इथे नदीपेक्षा तळ्यासारखी दिसते.

इथले लोक मुक्ताई 'गेल्या' म्हणत नाहीत आणि समाधी घेतली असंही सहसा म्हणत नाहीत. 'गुप्त झाल्या' म्हणतात. वादळ झालं, वीज कडाडली आणि त्या दिसेनाशा झाल्या. मेहूणच्या एका बाईंनी हे मला असं सांगितलं जणू परवाची गोष्ट, हाताने आभाळाची बाजूसुद्धा दाखवली. मरणाला आपल्याकडे शब्द फार. गेला, वारला, देवाज्ञा झाली, कैलासवासी, वैकुंठवासी, निजधामास गेले. धाकट्याच्या वेळी व्हॉट्सॲपवर पाठवायचा मजकूर मी लिहिला होता आणि 'दुःखद निधन' यापलीकडे मला काही सुचलं नव्हतं.

दुपारी चांगदेव गावी गेलो, तापी-पूर्णेच्या संगमावर. काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, कोरीव खांब, पुढे पाणीच पाणी. चांगदेवांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते: योगबळावर मरण चुकवत चौदाशे वर्षं जगले. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला घेतलं, पण मायना अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने मोठे, नमस्कार लिहावा तर पोरगं. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताई तो बघून म्हणाली, चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तर दिलं, पासष्ट ओव्यांचं. आणि पुढे चांगदेवांनी त्याच मुक्ताईला गुरू केलं.

पुतणी घाटाच्या पायरीवर बसून मोबाइलवर काहीतरी करत होती. "आजी, चौदाशे भागिले अठरा, सत्त्याहत्तर पॉइंट सात. म्हणजे चांगदेवांनी सत्त्याहत्तर मुक्ताया जगून घेतल्या."

"आणि पत्राचा मायना नाही जमला," आई म्हणाली.

पोरगी हसली. मोठ्याने. त्या घाटावर एक मासे पकडणारा होता, त्याने वळून बघितलं. पुतणी पाण्याकडे गेली तेव्हा मी विचारलंच. वर्षभर तोंडात धरून ठेवलेला खडा.

"आई, तुला राग नाही येत? त्याचंच नाव घेतेस रोज."

तिला प्रश्न कळायला वेळ लागला नाही. वाट बघत असावी. "येतो की. हरिपाठ झाला की मी रोज भांडते. तू मोबाइल बघतोस, तुला कुठे ऐकू येणार. जनाबाईने शिव्या घातल्या त्याला, मी कोण लागून गेले."

"मग कशाला..."

"अरे, भांडायला तरी कोणी जागेवर पाहिजे ना. तुझे बाबा गेले, हा गेला. मी जाईन, तूही जाशील. तुम्ही सगळे येता-जाता. तो तेवढा उभा आहे." मग पदराने चष्मा पुसत, "मी त्याला म्हटलंय, उभा आहेस तसाच राहा, माझं बोलणं संपलं नाही अजून."

मला यावर काही बोलता आलं नाही. पटलं का, तर अर्धंच. पण चौदाव्या दिवशी दिवा लावणाऱ्या त्या बाईकडे मी वर्षभर चुकीच्या बाजूने बघत होतो, एवढं कळलं. मला वाटायचं ती मान्य करून मोकळी झाली.

रात्री भरीत. खास भरिताची मोठी हिरवी वांगी काड्यांच्या जाळावर भाजून, लाकडी मुसळीने ठेचून, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, वरून तेलाची धार. कळण्याची भाकरी. याबद्दल जास्त लिहीत नाही, तोंडाला पाणी सुटून पुढचं राहील.

पाचवा आणि सहावा दिवस: त्र्यंबक, पुणतांबे

मुक्ताईनगर ते नाशिक दिवसभर गाडी. जळगाव, धुळे, मालेगाव. आई मागे झोपली. नाशिकच्या जवळ आलो तशा दिंड्या दिसायला लागल्या: भगव्या पताका, डोक्यावर तुळस, टाळ, मागून पाण्याचा टँकर. निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीची, ती तीन-चार दिवसांवर आली होती हे आमच्या नियोजनात बसलंच नव्हतं. (यात्रेच्या दिवसांत त्र्यंबकमध्ये खोली मिळणं अवघड, नाशिकला राहा आणि पहाटे जा. स्वेटर-कानटोपी हवीच.)

पहाटे त्र्यंबकला धुकं होतं, ब्रह्मगिरी दिसतच नव्हता. ज्योतिर्लिंगाची रांग बघून आईने बाहेरूनच हात जोडले, "आज मी यांच्याकडे नाही आलेली." निवृत्तिनाथांचं मंदिर डोंगराच्या पायथ्याशी. याच ब्रह्मगिरीवरच्या गुहेत लहानपणी वाट चुकून ते गहिनीनाथांपुढे जाऊन उभे राहिले होते. आणि तिघांना पोचवून शेवटी इथेच परत आले.

दर्शन झालं. पुतणी माझ्या बाजूला उभी होती.

"काका, हे शेवटचे ना?"

"हो."

"मग यांची शिळा कोणी लावली?"

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "नामदेव होते म्हणतात सोबत." मग जरा थांबून, "ते ऐंशी वर्षं जगले. पार पंजाबापर्यंत कीर्तन करत गेले."

मी समाधीकडे बघत राहिलो. या माणसाने ज्ञानदेवाचा हात धरून त्याला आत बसवलं, बाहेर येऊन दगड लावला, महिन्याने सासवडला हेच पुन्हा बघितलं, मग तापीकाठी धाकटी बहीण विजेत दिसेनाशी झाली. चोवीस वर्षांचा. गुरू होता म्हणून त्याला कमी लागलं असेल असं मी धरून चाललो होतो. मागे एक दिंडी आत आली, टाळ इतके जोरात की कानठळ्या बसल्या. त्या आवाजात रडलं तर कोणाला कळत नाही, ही त्र्यंबकची एक सोय.

परतताना सिन्नर-शिर्डी करत पुणतांब्याला वळलो. २०१७ चा शेतकरी संप इथूनच सुरू झाला होता, एवढंच मला या गावाबद्दल माहीत. गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं टाळून टाळून शेवटी इथे. आम्ही पोचलो तेव्हा पुजारी जेवायला गेलेले, ओट्यावर एक मुलगा गृहपाठ करत होता. पुतणीने आत जाऊन नमस्कार केला आणि म्हणाली, "आले होते तुमच्या गुरूकडे." पाच-दहा मिनिटांचं ठिकाण, पण आधीची चार करून या, तरच गंमत.

एकूण अकराशे-बाराशे किलोमीटर. घरी पोचलो रात्री अकराला. दिव्याची वेळ टळली म्हणून आई चुटपुटत होती, तरी तिने लावलाच. पुतणी तिच्या शेजारी पाटावर बसली आणि मी बॅगा वर नेल्या.

पुढच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला द्यायची म्हणून डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला. टोलच्या चिठ्ठ्या, अंजिरांची पिशवी, मुक्ताईनगरच्या लॉजचं बिल, आणि ती सप्ताहाची पावती. गुलाबी कागद, निळं पेन. 'यांजकडून' पुढे धाकट्याचं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. रुपये अकराशे फक्त, अन्नदान. खाली 'हस्ते' पुढे एकच शब्द लिहिला होता, आई.

बाकीचं सगळं फेकलं. पावती गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात, पीयूसीच्या मागे ठेवली आहे.